चौथ्या भागात मेलेली बायको

कुंदाताई बोधनकरांना प्रेमकथांचा मनापासून तिटकारा होता आणि आठवड्याला निदान दोन प्रेमकथा त्या वाचायच्याच. एकही अर्धी सोडायच्या नाहीत. अर्धी सोडली तर शिव्याही अर्ध्याच देता येतात, असं त्यांचं म्हणणं, आणि अर्धवट काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं.

त्यांची सगळी नोकरी दीक्षितपुऱ्यातल्या एका शाळेत मराठी शिकवण्यात गेली. बाहेर सगळं जबलपूर हिंदी, घरोघरी अर्धी हिंदी अर्धी मराठी, आणि वर्गात कुंदाताई. पोरं म्हणायची, "बाई, मी आलो होतो, पण गेट बंद करून दिलं होतं." बाई म्हणायच्या, "करून दिलं नव्हतं, केलं होतं." पोरांची मराठी किती सुधारली ते देव जाणे, पण बाईंपुढे तोंड उघडताना दहादा विचार करायला मात्र ती शिकली. मग बाई रिटायर झाल्या. लाल पेन कपाटात गेलं, हात मात्र शिवशिवत राहिला.

त्या हाताला काम दिलं विनतानं. विनता त्यांच्याच शाळेत चित्रकला शिकवायची. तिनं गावातल्या मराठी वाचणाऱ्या बायकांचा व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला आणि म्हणाली, कुंदाताई, तुम्ही इतकं वाचता, तर जरा बोलून पाठवत जा ना. झालं. दर शनिवारी कुंदाताईंचा आवाज ग्रुपवर यायला लागला आणि बायका त्याला 'पंचनामा' म्हणायला लागल्या. कांचघर, दीक्षितपुरा, पार जबलपूरबाहेरच्या पाटनपर्यंत हातातली कामं टाकून लोक तो ऐकायचे.

"नमस्कार मंडळी," असं सुरू व्हायचं. "आजच्या कादंबरीच्या नावात कॉफी आहे, कव्हरवर कॉफी आहे आणि आत नुसतं पाणी आहे. नायक कंपनीचा मालक. कंपनी काय बनवते ते लेखिकेला ठाऊक नाही, नायकाला ठाऊक नाही, मला तर नाहीच नाही. नायिका पहिल्याच पानावर घसरते. फरशी ओली आहे का? नाही. केळीचं साल आहे का? नाही. त्याच्या मिठीत पडायचंय म्हणून घसरते. दर दोन पानांनी तिच्या काळजाचा ठोका चुकतो. बाई गं, दवाखान्यात जा, ईसीजी काढ. या लोकांच्या घरचा गॅस कधी संपत नाही. कुणाची आई गुडघे धरून बसत नाही. एका फोनवर मिटेल असा गैरसमज दोनशे पानं चालतो, आणि फोन तर दोघांच्याही हातात आहे."

हे सगळं ठीक होतं, यावर बायका हसायच्या. पण खरी चीड शेवटी यायची, आणि ती दर शनिवारी तीच असायची. "आणि हे पुरुष बोलतात किती. तिला काय वाटलं ते विचारतात, स्वतःला काय वाटलं ते सांगतात, मग परत तिला विचारतात. असा नवरा कुणी पाहिलाय का? पाहिला असेल तर त्या बाईनं ग्रुपवर हात वर करावा. म्हणजे मी माझे शब्द मागे घेते." हात कधीच वर व्हायचा नाही. हसरे चेहरे मात्र ढीगभर यायचे.

कुंदाताई स्वतः हसायच्या नाहीत. कारण त्यांच्या घरात माणसं दोन आणि बोलणं एकटीचं होतं. त्यांचे यजमान श्यामसुंदरराव वीज मंडळातून रिटायर झालेले. माणूस सरळ, निर्व्यसनी, पण घुमा. काय मग, विचारलं की काही नाही. भाजी कशी झाली, विचारलं की ठीक. नोकरीत होते तोवर कुंदाताईंनी मनाची समजूत घातली होती की दमून येतात बिचारे. रिटायर झाल्यावर दोघं निवांत बसू, चार गोष्टी बोलू, असं त्यांना वाटलं होतं. खरंच वाटलं होतं. त्यासाठी त्यांनी पुढच्या खोलीत दोन वेताच्या खुर्च्याही आणून ठेवल्या. तर श्यामसुंदरराव रिटायर झाले आणि मोबाईल घेऊन मागच्या खोलीत जाऊन बसायला लागले. दिवसभर अंगठ्यानं टकटक टकटक. पत्ते खेळत असतील, असं कुंदाताई धरून चालल्या होत्या. त्यांना याचं फार वाईट वाटायचं. पण वाईट वाटलं की त्यांना राग यायचा, आणि राग आला की त्या एखादी प्रेमकथा उघडायच्या.

श्यामसुंदररावांचं मूळ घर पाटनचं. त्यांचे आजोबा वर्ध्याकडून धान्याच्या व्यापारासाठी इकडे आले आणि इकडचेच झाले. शाळा हिंदी, मित्र हिंदी, आणि घरात 'काहून', 'करून राहिलो', 'जाऊन राहिलो' अशी मराठी. कुंदाताई साताऱ्याच्या. लग्न होऊन आल्या आणि पहिल्या दिवसापासून त्यांनी नवऱ्याची मराठी हातात घेतली. आजही बाजारात, फोनवर, पाहुण्यांत, कुठेही असा शब्द कानावर पडला की त्यांच्या तोंडून बरोबर शब्द आपोआप निघायचा. त्यात दुष्टावा नव्हता. ओघळ दिसला की माणूस फडकं घेतो, तितकंच ते होतं.

तर मागच्या थंडीत कथांच्या एका अ‍ॅपवर 'तिसऱ्या प्रहरी तू' नावाची कादंबरी भागाभागानं येऊ लागली. लेखिकेचं नाव नुसतं 'शर्वरी'. आडनाव नाही, फोटो नाही, फोटोच्या जागी जास्वंदीचं फूल. विनतानं ती ग्रुपवर टाकली आणि बायका वेड्यासारख्या तिच्यामागे लागल्या. सगळ्यांना वाटायचं, अरे, हे तर आपल्याच घरातलं बोलणं आहे. गोष्ट अशी की देवदत्त नावाचा एक रिटायर माणूस असतो. त्याची बायको असते. ती सारखी त्याला टोकते. चौथ्या भागात ती मरते. मग बागेत त्याला अनसूया नावाची बाई भेटते आणि दोघं बाकावर बसून बोलतात. बस, एवढंच. बोलतात आणि बोलतात. खाली वाचणाऱ्यांनी लिहिलेलं असायचं, 'किती गोड आहेत हे', 'बरं झालं बायको गेली, सुटला बिचारा'.

सहा भाग झाल्यावर कुंदाताईंनी मोबाईल तोंडासमोर धरला.

"नमस्कार मंडळी. या अख्ख्या कादंबरीत धड डोक्याची एकच बाई आहे, ती म्हणजे याची बायको. आणि तिला या शर्वरीबाईंनी नावसुद्धा दिलेलं नाही. त्याची बायको, त्याची बायको. मोलकरणीला नाव आहे, शेजारच्या कुत्र्याला नाव आहे. चार भाग ती बाई याचं जेवणखाण बघते, औषधं बघते, आणि चौथ्या भागाच्या शेवटी काय? 'एके दिवशी त्याची बायको वारली.' संपलं. एक ओळ. कशाने वारली? ताप आला, पडली, गाडीखाली आली? पोळीवरची माशी हाकलावी तशी हाकलून दिली. आणि पाचव्या भागात हा बागेत. तिचं वर्षश्राद्ध तरी होऊ द्यायचं होतं. ती असेपर्यंत हा तोंड उघडत नाही, आणि ती गेल्यावर याचं तोंड बंद होत नाही. बाईनं बाईला असं मारावं, लाज वाटायला पाहिजे."

त्यांनी श्वास घेतला. खरं काम पुढेच होतं.

"आता भाषा. 'मुलीच्या शिक्षेसाठी बापानं शेत विकलं.' शिक्षेसाठी? काय खून केला होता का मुलीनं? शर्वरीबाई, हिंदीत शिक्षा म्हणजे शिकणं. मराठीत त्याला शिक्षण म्हणतात. तिसऱ्या भागात हा देवदत्त घरी येऊन सांगतो, 'बाबा खतम झाले.' बायको म्हणते, 'वारले म्हणावं.' आणि वाचणाऱ्या बायका त्याच्यासाठी रडतात. अहो, बरोबरच आहे तिचं. माणसाला कुणी खतम म्हणतं का? खतम साखर होते, पेट्रोल होतं."

दारात श्यामसुंदरराव चहाचा कप घेऊन उभे होते. केव्हापासून उभे होते कुणास ठाऊक. कुंदाताईंचं रेकॉर्डिंग संपेपर्यंत ते थांबले, मग त्यांनी कप टेबलावर ठेवला.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

ते परत मागच्या खोलीत गेले. चहावर साय धरली होती.

संध्याकाळी विनताचा फोन आला. "काय हो कुंदाताई, काहून इतकं चिडून राहिल्या तुम्ही? आम्हाला तर फार आवडून राहिली. वो देवदत्त कितना प्यारा है यार. आणि त्या बायकोत तुम्हाला काय एवढं दिसलं? सारखी टोकून राहते त्याला."

"चुकला की टोकणारच," कुंदाताई म्हणाल्या.

"अच्छा, छोडो. पण मजा आली, हां. पाटनवाल्या शकुमावशींनी तर दोनदा ऐकला पंचनामा."

दोन दिवसांनी सातवा भाग आला. दुपारची वेळ होती. कुंदाताई पुढच्या खोलीत उन्हाच्या पट्ट्यात बसून मटार सोलत होत्या. एका बाजूला शेंगा, एका बाजूला पातेलं, आणि समोर स्टीलच्या डब्याला टेकवून ठेवलेला मोबाईल. हात शेंगांवर आणि डोळे मोबाईलवर, असं त्यांचं नेहमीचं वाचन चाललं होतं.

सातव्या भागात अनसूया देवदत्तला विचारत होती, 'तुमची बायको कशी होती?'

चला, कुणाला तरी तिची आठवण झाली म्हणायची, कुंदाताईंना वाटलं. आपल्या पंचनाम्याचा झटका बसलेला दिसतोय. लेखिका ग्रुपवरच कुठेतरी असणार. त्यांना बरं वाटलं आणि त्या पुढे वाचायला लागल्या.

देवदत्त सांगत होता, 'मी तिला पाहायला गेलो तेव्हा आम्हाला बोलायला म्हणून मागच्या अंगणात पाठवलं. तिथे पेरूचं झाड होतं आणि दोघांना बसायला एकच पाट होता. ती बसली, मी उभा राहिलो. मी म्हटलं, तुम्हाला भेटायची मी फार दिवसांपासून चेष्टा करून राहिलो होतो.'

कुंदाताईंना हसू फुटलं. चेष्टा. सापडली की बाई. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न आणि मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा, हे त्यांनी वर्गात हजारदा फळ्यावर लिहिलं होतं. हे शनिवारी घ्यायचंच, असं म्हणून त्यांनी पुढची ओळ वाचली.

'तिनं पहिल्यांदा मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. सुंदर होती. आणि म्हणाली, चेष्टा नाही, प्रयत्न.'

शेंग हातात तशीच राहिली.

साताऱ्याचं घर, मागचं अंगण, पेरूचं झाड, एकच पाट. तिथे तिसरं कुणी नव्हतं. कुंदाताईंनी हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं त्यात काही होतं असं त्यांना वाटलंच नव्हतं. एक मुलगा चुकला, त्यांनी दुरुस्त केलं. त्यांनी ते पुन्हा वाचलं. खाली देवदत्त म्हणत होता, 'मी दोनदा रजा मागितली होती, ती मिळाली नव्हती. तिकीट काढून परत केलं होतं. ते सगळं तिला सांगायचं होतं. पण त्यानंतर मी काही बोललो नाही. तिनं विचारलं, नोकरी पक्की आहे का? मी हो म्हटलं.' आणि अनसूया हे ऐकून हसली आणि म्हणाली, 'अच्छा, मग जमली का चेष्टा?' देवदत्तला वाटलं, एवढंच तर कुणीतरी विचारायचं होतं.

कुंदाताईंनी चष्मा पुसला आणि पहिल्या भागापासून वाचायला घेतलं. या वेळी मटार बाजूला सारले. पहिल्या भागात बायको ओल्या टॉवेलवरून बोलत होती. तशाच त्या स्वतः बोलल्या होत्या, कालच बोलल्या होत्या. दुसऱ्या भागात भाजीवाल्यासमोर तिनं त्याचं वाक्य मध्येच तोडलं होतं आणि भाजीवाला दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिला होता. तो भाजीवाला त्यांना आठवला. तिसऱ्या भागात 'बाबा खतम झाले' आणि 'वारले म्हणावं'. ते मात्र त्यांना आठवेना. सासरे गेले तो दिवस आठवत होता, पाटनला जायची धावपळ आठवत होती, बॅगेत काय काय भरलं तेसुद्धा आठवत होतं. हे वाक्य काही आठवेना. पण ते आपण म्हटलं असणार, याची त्यांना खात्री होती. परवा पुन्हा म्हटलं होतंच की, अख्ख्या ग्रुपला ऐकवून, आणि हा माणूस दारात चहा घेऊन उभा होता.

आणि मग चौथा भाग. एके दिवशी त्याची बायको वारली. खाली तेच सगळं. बरं झालं, सुटला बिचारा. अशी बायको वैऱ्यालाही नको. एकीनं तर हात जोडलेले पाठवले होते.

रागानं त्यांचे कान तापले. त्यांना रडूही येत होतं, पण रागाला जास्त घाई होती. त्या उठल्या आणि मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. श्यामसुंदरराव पलंगावर भिंतीला टेकून बसले होते, मांडीवर उशी, उशीवर मोबाईल.

"शर्वरीबाई," कुंदाताई म्हणाल्या.

अंगठा थांबला. श्यामसुंदररावांनी मान वर केली नाही.

"आठवा भाग चाललाय का?"

"हं."

"मला मारलंत तुम्ही."

"तुला नाही. ती गोष्ट आहे."

"मग तिला नाव का नाही?"

कुंदाताई आत आल्या.

"पेरूच्या झाडाखालचं बोलणं जगभरच्या बायकांना सांगितलंत. तिकीट काढलं होतं, परत केलं होतं. मला आज कळतंय, मोबाईलवरून, मटार सोलताना. मला कधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं नाही."

"रोज विचारते. रोज संध्याकाळी विचारते, काय मग. तुम्ही म्हणता, काही नाही. हे काही नाही आहे का?" त्यांनी हातातला मोबाईल त्यांच्यासमोर हलवला. "पानंच्या पानं बोलता येतं तुम्हाला. मी तिकडे गावाला ओरडून सांगते की असा बोलणारा नवरा जगात नसतो, हात वर करा म्हणते, आणि तो माझ्याच घरात मागच्या खोलीत बसलाय. फुकट वाटतोय बोलणं. ज्या बाईचं तोंड कधी बघितलं नाही तिलाही देतोय, आणि मला ठीक आणि काही नाही. मी दोन खुर्च्या आणल्या होत्या. तुम्हाला दिसल्या तरी का?"

"दिसल्या."

"कोण आहे ती अनसूया?"

"कोणी नाही."

"खरं सांगा."

"कोणी नाही, कुंदा. असती तर लिहिलं काहून असतं?"

हे मात्र खरं वाटलं, आणि खरं वाटल्यामुळे जास्तच लागलं. असती तर भांडता तरी आलं असतं. जी बाई नाहीच, तिचं काय करायचं?

"मी सांगणार आहे सगळ्यांना," त्या म्हणाल्या. "शनिवारी. शर्वरी म्हणजे आमचे हे, आणि मेलेली बायको म्हणजे मी. ऐकू द्या सगळ्यांना. मग बघू किती जणी हात जोडतात."

"सांग. तुझी मर्जी."

"सांगेनच. घाबरते का मी?"

श्यामसुंदररावांनी उशी बाजूला ठेवली. मोबाईल पालथा घातला. किती तरी वर्षांत कुंदाताईंनी त्यांना असं सरळ बसलेलं पाहिलं नव्हतं. "पण एक ऐकून घे," ते म्हणाले. "तू म्हणते मी बोलत नाही. मी घुमा नव्हतो, कुंदा. पाटनला कोणालाही विचार. मित्र म्हणायचे, ए बोधनकर, जरा सांस तो ले. तुझ्याशी बोलायची मी लई चेष्टा केली..."

"प्रयत्न," कुंदाताई म्हणाल्या.

त्यांनी ठरवून म्हटलं नव्हतं. शब्द तोंडातून गेला तेव्हा त्यांना कळलं की गेला. श्यामसुंदररावांचं तोंड अजून थोडं उघडं होतं. मग ते मिटलं. त्यात राग नव्हता, नाराजी नव्हती. रोजचं दुकान रोजच्या वेळी बंद करावं तसं ते मिटलं. त्यांनी उशी परत मांडीवर घेतली आणि कोपऱ्यावरचा धागा ओढत बसले.

कुंदाताईंनी हे मिटणं आज पहिल्यांदा समोरून पाहिलं. पाहिल्यावर त्यांना भीती वाटली. बाहेर रस्त्यावर कुणीतरी स्कूटर चालू करायचा खटाटोप करत होतं. ती चालू झाली आणि गेली. आता आपण काही विचारलं नाही तर हा माणूस पुन्हा कधीच बोलणार नाही, असं त्यांना आतून वाटलं. काहीही विचारायला हवं होतं. आणि त्यांच्याकडे विचारण्यासारखं एकच होतं.

"कशाने मेली ती?"

"कोण?"

"बायको. एका ओळीत मारलीत. कशाने मेली? ते तरी सांगा."

श्यामसुंदरराव बराच वेळ धागा ओढत राहिले. कुंदाताई पलंगाच्या कडेला बसल्या. त्यांनी ओठ घट्ट मिटून धरले होते.

"नाही लिहिता आलं," ते म्हणाले.

कुंदाताईंनी नुसती मान हलवली.

"लिहून पाहिलं न. दवाखाना लिहिला. मग डॉक्टर बाहेर येऊन सांगून राहिला, असं लिहिलं. नाही जमलं, पुसून टाकलं. मग लिहिलं की घरीच गेली, झोपेतच. सकाळी मी उठवायला गेलो तर तुझे हात थंड पडले होते. एवढं लिहिलं आणि उठून आतमध्ये पाहून आलो. तू कणीक मळून राहिली होती. मला म्हणाली, काय पाहिजे? मी म्हटलं, काही नाही." त्यांनी धागा तोडला. "परत इकडे आलो, सगळं पुसलं आणि एक ओळ ठेवली. जास्त नाही झालं माझ्यानं."

तुझे हात, ते म्हणाले होते. तिचे नाही. कुंदाताईंनी आपले हात पाहिले. नखांत मटाराची हिरवी सालं अडकली होती. ती सकाळ त्यांना आठवत नव्हती. दारात येऊन नवरा उभा राहिला, काय पाहिजे विचारलं, काही नाही म्हणाला आणि गेला, अशा सकाळी त्यांच्या घरात खूप झाल्या होत्या. त्यातली ती कुठली, हे त्यांना कसं कळणार? पण त्या कुंदाताई होत्या. रडण्याआधी त्यांना हिशेब पुरा करायचा होता.

"एवढं जड जात होतं, तर मारलीत कशाला?" त्या म्हणाल्या. "राहू द्यायची होती कुठेतरी स्वयंपाकघरात. तुमच्या त्या बाकाच्या मध्ये थोडीच येणार होती ती?"

श्यामसुंदररावांनी मान वर केली. ते बायकोकडे बघत राहिले. बोलावं की नाही ते ठरवत होते आणि एकेक शब्द मनात तपासून बघत होते, हे कुंदाताईंना दिसत होतं. वर्गातल्या शेवटच्या बाकावरची पोरं असंच करायची.

"ती जिवंत असती, तर तो बोललाच नसता," ते म्हणाले.

कुंदाताईंनी तोंड उघडलं. वाक्य शुद्ध होतं. त्यात दुरुस्त करण्यासारखं काहीही नव्हतं.